दिवसा लावलेलं दार

मी सिंगापूरला निघाले तेव्हा पंचवटीतल्या आमच्या गल्लीत टॅक्सी शिरेना. शेजाऱ्यांनीच बॅगा उचलल्या आणि वरात निघावी तसे सगळे नाक्यापर्यंत आले. आई मात्र उंबऱ्यातच उभी. "वेळेवर जेव," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली. दार तसंच सताड उघडं. आमच्याकडे सकाळी उघडलेलं दार रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत लावत नसत. आई म्हणायची, "दिवसा दार लावलेलं घर एक तर गावाला गेलेलं असतं, नाही तर भांडलेलं."

सिंगापूरला दार म्हणजे लावून घ्यायचीच वस्तू. शहर मात्र मोठं काळजीवाहू. बस कधी येणार ते फोन सांगतो. म्हाताऱ्या माणसाने कार्ड टेकवलं की रस्ता ओलांडायचा सिग्नल जरा जास्त वेळ हिरवा राहतो. मला त्या सिग्नलचं काय कौतुक वाटायचं! आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या दाराला सेन्सर आहे. दार बराच वेळ हललं नाही, तर त्यांच्या मुलाचा फोन वाजतो.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं, पण बंद दाराआड तिचा जीव गुदमरला आणि ती परत गेली. मग मी तसलंच यंत्र नेऊन पंचवटीच्या चौकटीवर ठोकलं. तुम्ही परदेशी गेलेले असाल तर म्हणाल, बरं केलंस.

कसलं बरं! रोज दुपारी ऑफिसात माझा फोन ठणाणा करायचा, दार हललेलं नाही म्हणून. हलणार कसं? ते सकाळपासून उघडंच. मी घाबरून आईला फोन करायचे, तर तिच्याकडे मेथी निवडायला जमलेल्या बायकांचा गलका, आणि आई म्हणायची, "मला काय धाड भरलीये?" शेवटी वैतागून मी म्हटलं, "अगं, अधूनमधून दार लावून उघडत जा ना." तेव्हापासून फोन गप्प झाला. मीही निर्धास्त झाले. रोजचे फोन रविवारवर आले.

यंदा घरी गेले तर गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरे लागलेले, सिंहस्थाची खोदकामं चाललेली, आणि भर सकाळी आमचं दार बंद. आत आई एकटीच. समोरच्या सुमनमावशी, भाजीबाजारात बसतात त्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, आमचं काय चुकलं का गं? तुझी आई लय दार लावून बसती आता. मग आम्ही पण जात नाय. उगं कशाला?"

दार हलतंय एवढंच त्या यंत्राला कळत होतं. त्या दारातून कुणी आत येतंय का, हे त्याला कुठून कळणार?

मी तडक स्टुलावर चढले, यंत्र उचकटायला. आई धावत आली.

"हात लावू नको त्याला!"

"अगं, याच्यापायी माणसं तुटली तुझी."

"तुटू देत. मी दार लावलं की तिकडे तुझ्या फोनवर वाजतं ना? म्हणून तर सारखं करते. म्हटलं, कामाच्या गडबडीत तेवढीच तुला माझी आठवण."

मी स्टुलावरून खाली उतरले. मावशींना जाऊन सांगितलं, दार लावलेलं असलं तरी ढकलून आत जात जा. त्या "बघू" म्हणाल्या. आईला मात्र खरं सांगायचा धीर झाला नाही. ते यंत्र वाजतं, ते दार हललं नाही तरच. तिने दार लावलं-उघडलं की ते गप्प असतं.

आता घर कुठे असं कुणी विचारलं, तर माझा हात आधी फोनकडे जातो. तो वाजत नसतो. तिकडे पंचवटीत आई दार लावत असते, मला ऐकू यावं म्हणून.