हाताला येईल अशी कडी

शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी किल्लीमावशी नव्या मुलांसाठी फाटक उघडायची. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं, वेळापत्रकात नव्हतं, आणि मावशीच्या कामाच्या यादीत तर नव्हतंच. यादीत होतं झाडणं, पुसणं, घंटा देणं, टाकी भरणं. तरी एकोणीस वर्षं पहिलीत जाणारी मुलं आईबापांसकट त्या दिवशी येत आली. शेजारणीने शेजारणीला सांगायचं, एवढीच काय ती जाहिरात.

भाषणबिषण नसायचं. मावशी मुलांना तीन फेऱ्या मारायला लावायची. फाटक ते वर्ग, वर्ग ते नळ, नळ ते संडास, आणि परत. पहिली फेरी आईचा नाहीतर बापाचा हात धरून. दुसऱ्या फेरीत मोठ्यांनी दहा पावलं मागे राहायचं. तिसरी फेरी मुलाने एकट्याने मारायची, आणि तेवढा वेळ मोठ्यांनी रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. मुलं बिनघोर निघायची. माना वळायच्या त्या आईबापांच्याच.

"रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या," मावशी त्यांना म्हणायची. "सोमवारी पोरांचा नंबर आहे. दोघांना मी पुरी पडणार नाही."

सगळ्यात जास्त वेळ संडासापाशी जायचा. दारं मोठ्या माणसांच्या मापाची, कड्याही तशाच. पाच-सहा वर्षांच्या मुलाने चवड्यांवर उभं राहायचं, हात ताणायचा, कडी आधी वर उचलायची आणि मग मागे सारायची. वर्ग, बाक, बाई या गोष्टींना मुलं आठवड्यात सरावतात. पण त्या दाराची धास्ती बसली की मूल दिवसभर पाणीच पीत नाही. हे पालकसभेत कुणी बोलत नाही. ते ज्याच्या हातात फडकं असतं त्यालाच कळतं.

मावशीला ते त्याहीआधी कळलं होतं. तिची स्वतःची मुलगी याच शाळेत पहिल्याच दिवशी आत अडकली होती, ती थेट डब्याच्या सुट्टीपर्यंत. नंतर दोन महिने पोरीने शाळेचं नाव काढू दिलं नाही; शेवटी तिला दुसऱ्या शाळेत घालावं लागलं. पुढे या शाळेत शिपाई बाईची जागा निघाली तेव्हा मावशी पगारासाठी रुजू झाली, हे खरं. पण पगार दुसरीकडेही मिळाला असता.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या वक्तशीर होत्या, कामसू होत्या, आणि वाईट अजिबात नव्हत्या. तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"मावशी, सुट्टीत फाटक उघडायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी आपण पालकांसाठी मार्गदर्शन ठेवलंय. सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवून. चाळीस पानांची पुस्तिकाही देणार आहोत."

"संडासाचं पान कितवं?"

"काय?"

"नाही, आपलं सहज विचारलं."

"हे बघा, तुमची तळमळ कळते मला. पण कुणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण?"

"मीच की. एकोणीस वर्षं मीच आहे."

"कागदावर तुम्ही नाही, मावशी. किल्ल्या जमा करा."

मावशीने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. "आणि बाई, कड्या खाली घ्यायचा माझा अर्ज तीन वर्षांपासून त्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली यातलीच, छोटी पिवळी."

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. 'बघू' म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर मावशीने मुलीला सांगितलं, "मला एक दार करून दे."

मुलगी शाळेसमोरच्या कारखान्यात सुतारकाम करायची. तिथे सहा पुरुष आणि ही एकटी. पण चौकट काटकोनात बसली नाही की सहाही जण हिलाच हाक मारायचे.

"कसलं दार?"

"संडासाचं. चौकटीसकट, आपल्या पायावर उभं राहणारं. कडी शाळेत आहे तेवढ्याच उंचीवर. शनिवारी दुपारी तुमचं अंगण मोकळं असतं ना?"

मुलीने हातातला पेला खाली ठेवला. "आई, माझी ती गोष्ट तू सगळ्या जगाला सांगितलीस. आता तिचा पुतळा उभारायचाय का?"

"अगं, पोरांना कडीची सवय..."

"कडीचं नव्हतंच काही!" मुलगी एकदम म्हणाली. "वीस वर्षं तू कडी कडी करतेस. मी हाका मारत होते, आई. वर्गात कविता चाललेली मला ऐकू येत होती. एक पोर कमी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला रडू आलं ते त्याचं."

मुलीने खाली ठेवलेला पेला मावशी उगाच पदराने पुसू लागली. मुलीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "रुंदी किती ठेवू दाराची?"

शनिवारी मावशी बंद फाटकापाशी उभी राहिली आणि येईल त्या कुटुंबाला रस्ता ओलांडून पलीकडे नेऊ लागली. कारखान्याच्या अंगणातल्या फरशीवर तिने खडूने शाळा आखली होती. फाटक, वर्ग, नळ, सगळं पावलं मोजून. अंतरं तिच्या पायांना पाठ होती. टोकाला ते दार उभं होतं. नुसतं दारच. ना भिंत, ना छप्पर.

एका नर्सबाईंचा मुलगा दारातून पलीकडे गेला, कडी लावली आणि चौकटीच्या बाजूने डोकं काढून ओरडला, "कुणी बघू नका हं!" चाळीस मोठ्या माणसांनी मुकाट्याने माना फिरवल्या.

बसच्या ड्रायव्हरची मुलगी मात्र बापाचा हात सोडेना. ती बोलतही नव्हती. "घरी तोंड बंद होत नाही हिचं," ड्रायव्हर कानकोंडा होऊन म्हणाला. "बाहेर आली की कुलूप."

"असू दे. कुलपांचं मला कळतं," मावशी म्हणाली.

या वर्षी तिने एक नवी गोष्ट घातली होती. प्रत्येक मुलाला एक जोडी. एक आत गेलं की दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. आतल्याने हाक मारली की बाहेरच्याने ओ द्यायची, आणि काही अडलं तर दिसेल त्या मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं. "कुणी रागावलं तर?" एका आईने विचारलं. "रागावू दे की. रागावून झालं की येईल," मावशी म्हणाली. तिने नर्सबाईंच्या बोलक्या मुलाची जोडी ड्रायव्हरच्या अबोल मुलीशी लावून दिली.

पाचच्या सुमाराला सभागृहात खुर्च्या लावून घेणाऱ्या मोठ्या बाई रस्ता ओलांडून आल्या. खडूची शाळा त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"मावशी, हे काय?"

"इथे शाळेची किल्ली लागत नाही, बाई."

मोठ्या बाई परत खुर्च्या लावून घ्यायला गेल्या.

सोमवारी मुलं फाटकातून आत गेली ती थेट वर्गात. रडलं एखाददुसरंच. पालक सभागृहात बसले, पडदा उजळला, मोठ्या बाई बोलू लागल्या. मावशीला दाराशी उभं केलं होतं, पुस्तिका वाटायला.

अकराव्या का बाराव्या चित्राला पडद्यावर एक सावली पडली. दोन वेण्यांची. ड्रायव्हरची मुलगी मधल्या वाटेने चालत येऊन पडद्यापुढे थांबली होती. तिने बापाकडे पाहिलं नाही, मावशीकडेही नाही. दिसेल ते मोठं माणूस म्हणजे मोठ्या बाई.

"बाळ, वर्ग सोडून कुठे फिरतेस? बाईंना विचारलंस का?"

मुलीचा चेहरा लालेलाल झाला, पण ती जागची हलली नाही. "माझी जोडी अडकलीय," ती म्हणाली. आणि कुणी उठेना म्हणून दुप्पट मोठ्याने, "आत! संडासात! चला!"

नर्सबाई धावल्या, मावशी धावली, मागोमाग अर्धं सभागृह. आतून मुलगा ओरडत होता, "कडी हलत नाही! शनिवारची हलत होती!"

मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या मुलीने दार केलं ते केलं, वर कडीला तेल दिलं होतं. सुताराच्या हाताला करकरती कडी बघवते थोडीच. आणि खरी कडी गंजून बसलेली. सगळ्या पोरांनी तालीम केली ती लोण्यासारख्या कडीवर.

"बादली पालथी घाल रे," मावशी दाराला तोंड लावून म्हणाली. "चढ तिच्यावर. दोन्ही हात लाव."

"आधी वर, मग मागे!" ड्रायव्हरची मुलगी किंचाळली. "मी इथेच आहे! आधी वर!"

खाड्‌कन आवाज झाला. मुलगा बाहेर आला, जमलेल्या गर्दीकडे पाहून म्हणाला, "मी सांगितलं होतं ना बघू नका," आणि मग आईला बिलगला.

मावशी ड्रायव्हरकडे वळली. "समोरून माझ्या मुलीला बोलवा. हत्यारं घेऊन ये म्हणावं."

"मावशी, थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "परवानगी लागते. अर्ज..."

"अर्ज कपाटात आहे, बाई. किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही कपाट उघडा, तोवर आम्ही कड्या काढतो."

मुलगी पिशवी घेऊन आली. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली. वीस वर्षांत तिने या इमारतीत पाय ठेवला नव्हता. मग ड्रायव्हरच्या मुलीला म्हणाली, "ये गं, इथे दाराला टेकून उभी राहा. हात पुढे कर. नाही, ताणायचा नाही. सहज." हात जिथे आला तिथे तिने पेन्सिलीने खूण केली. चारही दारांवर तीच खूण, आणि या खेपेला तेल सगळीकडे. पालकांपैकी एकही जण सभागृहात परत गेला नाही.  शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी लेखी खुलासा द्या, मावशी."

"देते. चार कड्या झाल्या, तेवढ्या तुम्हीही मोजून घ्या."

संध्याकाळी मावशीने कागद पुढ्यात घेतला. मुलगी म्हणाली, "जरा नरमाईने लिही. दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

मावशीने एकच ओळ लिहिली. 'कड्या वर होत्या, मुलं खाली होती, म्हणून कड्या खाली घेतल्या.' त्याखाली सही केली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि सहीखाली पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारची तारीख टाकली.