नावानं हाक

आंधळगावच्या दादाजीला कोणी सातपुड्याची वाट विचारली, की तो हातातलं काम टाकून सांगत बसे. दरसाल श्रावणात, धानाची रोवणी आटोपली की गावातली पंधरा-वीस माणसं घेऊन तो पचमढीकडे महादेवाला निघायचा. बावीस वर्षं हा शिरस्ता. राष्ट्रीय उद्यानातली ती पायवाट वर्षातून थोडेच दिवस उघडी असते. दिवसभर डोंगर चढायचे, वाटेतल्या धबधब्यांखाली अंघोळी करायच्या आणि पाचच्या आत फाटकाबाहेर पडायचं. घरी बायको सांगेल ते मुकाट्यानं करणारा दादाजी डोंगरात पाय ठेवला की कलेक्टर व्हायचा.

त्याचे नियम कडक. वाटेवर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, लहानमोठ्या सगळ्यांना ‘भगत’ म्हणायचं. आणि निघताना तो बजावायचा, “डोंगरात नावानं हाक आली तं ओ देऊ नोका. आपला मानूस नाव घेतच नाही. मंग कोन असन तो? जंगल हाये बाप्पा!”

यंदा पहिल्यांदाच त्याची बायको रुखमा संगं आली. “जलमभर तुमच्या धबधब्यायच्या गोष्टीच आयकून राहिली. पाहू तं द्या,” म्हणाली. दादाजी कुरकुरला खरा, पण पोटातून खूश होता. पहिल्या धबधब्याखाली ती लुगड्यासकट उभी राहून खळखळून हसली, तेव्हा हे सगळं पाणी आपल्याच घरचं असल्यासारखा तो ऐटीत इकडेतिकडे बघत होता.

दुसऱ्या धबधब्यावर धुकं उतरलं. शेजारच्या माणसाचाही चेहरा दिसेना. यात्रेकरूंची गर्दी सरकली, थोडं पुढं जाऊन दादाजीनं आपली माणसं न्याहाळली, तर रुखमा नव्हती.

तो मागं धावला. “भगत! ओ भगत!” त्यानं हाक मारली आणि सगळा डोंगर ओ देऊ लागला. त्या वाटेवर कुठल्याही गावचा माणूस भगतच. नागपूरचे, अमरावतीचे, कुठकुठले लोक धुक्यातून विचारत होते, “काय झालं, भगत?” काय सांगणार कपाळ!

मग त्यानं घरची हाक मारून पाहिली. “अवोऽऽ!” लेकरू झालं असतं, तर अमक्याची माय म्हणून तरी हाक मारता आली असती. ते नशिबी नव्हतं, म्हणून तीस वर्षं नुसतं ‘अवो’वर भागलं होतं. चार-पाच बायांनी वळून पाहिलं. एक हसून म्हणाली, “आमच्यातली कोन पायजे, भाऊ?” दादाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजले. वनरक्षक शिट्ट्या मारून लोकांना फाटकाकडे हाकलू लागले. या जंगलात अस्वलं आहेत, हे दादाजीनंच दरसाल सगळ्यांना रंगवून सांगितलेलं. आता ती अस्वलं त्याच्याच डोळ्यांपुढं नाचू लागली.

“नाव घेऊन बलवा ना, भाऊ,” सोबतचा गोपीचंद म्हणाला.

“काहीबाही काय बोलून राहिला?”

पण दुसरा इलाज नव्हता. मुळ्या धरधरून दोघं धबधब्याच्या कडेनं खाली उतरले. दादाजीनं तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. ते नाव त्यानं लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, तेवढंच. शेवटी डोळे मिटून तो ओरडला, “रुखमाऽऽ!”

खाली पाणी तेवढं कोसळत होतं. त्यानं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. घसा बसला, पण ओ आली नाही.

“भाऊ,” गोपीचंद हळूच म्हणाला, “नावाले ओ देऊ नोका म्हनून तुमीच तं सांगतलं होतं.”

दादाजीनं कपाळावर हात मारून घेतला. “अवो, मीच हावो!” तो रडकुंडीला येऊन ओरडला. “तो नियम खोटा हाये! ओ दे!” आणि ओरडता ओरडताच त्याला कळलं, की भूतही अगदी हेच म्हणालं असतं. तो चिखलात मटकन बसला आणि पोरासारखा रडला.

गोपीचंदलाच खडकाआड लुगड्याचा काठ दिसला. वीस पावलांवर रुखमा बसली होती. पाणी जवळून पाहायला उतरली नि पाय घसरला. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. थंडीनं ती कुडकुडत होती आणि ओ तोंडातून निघून जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा दातात धरला होता.

“आयकू नाही आलं काय?” दादाजी धापा टाकत म्हणाला.

तिनं बोळा काढला. “आलं ना. आवाज तं तुमचाच होता.”

“मंग?”

“मंग काय? तुमी मले कवा नावानं बलावलं? तीस वर्सात एक डाव तरी बलावलं असतं, तं मी वळखलं असतं ना!”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नाव दादाजीच्या ओठांवर आलं. पण समोर गोपीचंद उभा होता. मग तो खाली बसला आणि मान वर न करता तिचा सुजलेला पाय चोळत राहिला.