दोन तुला, दोन मला

"टीबी आहे," डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं. टीबी म्हणजे ट्युबरक्युलोसिस, आपला क्षय. नेमाने गोळ्या घेतल्या तर बरा होतो, असंही ते म्हणाले, पण मी ऐकलं फक्त पहिलं. शहापूरहून एसटीने घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःचं तेरावंसुद्धा उरकलं होतं, आणि जेवणावळीत वरण पातळ केलं म्हणून जावेशी भांडूनही झालं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. महिनाभर रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा, खोकला थांबत नव्हता. मग स्पुटम तपासलं, म्हणजे सकाळचा बेडका डबीत घालून दवाखान्यात द्यायचा. ती डबी मांडीवर घेऊन एसटीत बसायची मला कोण लाज वाटायची.

गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत. रोजच्या चार, चार जातींच्या. त्यातली लाल घेतली की लघवी लाल होते, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी गावभर बोंब ठोकली असती. महिन्याभरात ताप गेला आणि भाकरी गोड लागायला लागली.

तेव्हा सोमी खोकायला लागली. सोमी गावाबाहेरच्या वाडीतली, माझ्याबरोबर कितीतरी वर्षं भातलावणीला वाकलेली. मी तिला दवाखान्यात चल म्हटलं.

"तिथं पत्ता इचारतात, वयनी. आमी दिवाळी झाली का इटभट्टीवर. कंचा पत्ता सांगू?"

तिचं खरं होतं. अर्ध्यात सोडून जाणाऱ्याला गोळ्या सुरू करायला डॉक्टर कचरत. दुकानातल्या गोळ्या तिच्या मजुरीला परवडणाऱ्या नव्हत्या. आणि आमच्याकडे बांधावर बसलं की एका भाकरीचे दोन तुकडे होतात, त्याचा कुणी विचार करत नाही. मीही केला नाही.

"घे गो. दोन तुला, दोन मला."

लाल आणि पांढरी तिला, उरलेल्या दोन मला. ताकदीची लाल तिला दिली म्हणून मनात मोठेपणाही वाटला. रोज सकाळी ती उंबऱ्याशी येऊन घसा खाकरायची आणि मी तिच्या तळहातावर दोन ठेवायची. तिचाही खोकला कमी झाला. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर निघाली तेव्हा तिच्या वाटणीच्या महिन्याभराच्या गोळ्या मी तिच्या पदरात बांधून दिल्या.

फाल्गुनात माझा ताप परत आला.

"गोळ्या चुकवल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस नाय," मी म्हटलं, आणि वाटणीचं सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. "बाई, रानडुक्कर चारी बाजूंनी घेरावं लागतं. तुम्ही दोघींनी दोन-दोन बाजू मोकळ्या सोडल्या." यालाच रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासा होतो. "त्या बाईला आधी शोधा."

भट्टी भिवंडीकडे, एवढंच वाडीत माहीत होतं. आमच्या ह्यांनी दोन खेपा घातल्या, पण ती सापडली नाही. वैशाखात सोमी आपणहून आली, जीपमधून उचलून उतरवलेली. दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. मी खाटेशी बसले होते. तिने माझा हात धरला.

"तुज्या गोळ्या व्हत्या म्हून यवढी तरी जगली मी, वयनी."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. हे मला आजही सोसवत नाही. तिला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि आठ दिवसांत ती गेली.

मी ठाण्याला दीड वर्ष औषध घेऊन बरी झाले. इंजेक्शनांनी डाव्या कानात कायमची शीळ राहिली. त्या आवाजाआड कधीकधी सकाळी उंबऱ्याशी कुणीतरी घसा खाकरतं. मी अजून उठून बघते.

पुढे नवी पद्धत आली. एका रोग्याच्या नावाचा एक खोका, त्यात त्याची शेवटपर्यंतची औषधं. गावातल्याच कुणीतरी ती समोर बसवून गिळायला लावायची. ते काम मी मागून घेतलं. आता भट्टीवर निघालेल्याचं उपचाराचं कार्ड तिकडच्या दवाखान्याला पाठवता येतं. पाठवलं की नाही, ते मी तिथे जाऊन बघते. त्या डॉक्टरांचे, त्या खोक्याचे माझ्यावर उपकार आहेत.

तुमच्या घरी हा आजार आला तर एवढंच ऐका. भाकरी वाटा, गोळी वाटू नका. खोकणाऱ्याला हाताला धरून दवाखान्यात न्या, पत्ता विचारला तर तुमचा सांगा. मला तेव्हा एवढंही सुचलं नव्हतं.

परवा वाडीतल्याच एका पोरीच्या हातावर गोळ्या ठेवत होते. दोन झाल्या आणि माझा हात थांबला.

"वयनी, बाकीच्या?" तिने विचारलं.


"सगळ्या तुझ्याच गो," मी म्हटलं, आणि उरलेल्या ठेवल्या.