एकाच नावाची दोन गाणी

उरवड्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी लातूरकडून आलेला, इथं कुणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस होतो. ज्यांच्या घरी भाड्याने खोली घेतली ते काका भातशेती करायचे आणि गायचे. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावताना, त्यांची आई जी गाणी म्हणायची ती जुळवून त्यांनी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीकडून कॅसेट काढली होती. 'आवणीला ये गं'. कव्हरवर गुडघाभर चिखलात उभे असलेले काका. आवाज खालच्या पट्टीतला, कष्टानं दमलेल्या माणसाचा.

त्याच वर्षी लग्नसराईत दुसरं 'आवणीला ये गं' आलं. मोठ्या कंपनीचं, कीबोर्ड आणि ढोलकीच्या धांगडधिंग्याचं. जीपमध्ये, वडापावच्या गाडीवर, वरातीत, सगळीकडे तेच. दुकानात काकांची कॅसेट मागितली तरी दुकानदार त्या दुसऱ्या गाण्याचीच हातात ठेवायचा.

"तुमचं गाणं पिरंगुटात लई वाजतंय की!" लोक काकांना सांगायचे.

"ते माजं न्हाई बाबा. नाव तेवढं एक हाय."

पुढे पुढे त्यांनी सांगणंही सोडून दिलं.

एकदा भरदुपारी त्यांच्या भावकीतलं लग्न होतं. मीही गेलो होतो. माइकवाल्यानं मोठ्या कौतुकानं काकांना मांडवातल्या स्टेजवर बोलावलं, "आपल्या गावचे गायक, आवणीला ये गं!" काका टोपी सारखी करत उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला, आणि मागून ते दुसरं गाणं दणक्यात सुरू झालं. पोरं नाचायला लागली. काका माइक धरून तसेच उभे. गाणं संपेपर्यंत ते खाली उतरले नाहीत. कुणाला वाईट वाटू नये म्हणून असेल. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "पोरं चांगली नाचली."

त्यानंतर मी त्यांना गाताना ऐकलं नाही. भजनालाही ते मागे बसून टाळ वाजवायचे.

काकांची कॅसेट काढणारी ती लहान कंपनी बंद पडली. घरातल्या कॅसेटी नातेवाइकांनी नेल्या, उरलेली एक माझ्या टेपमध्ये अडकली आणि मी ओढून काढताना फीत तुटली. मी ओशाळून सांगायला गेलो तर काका हसले. "जाऊ दे. ऐकतंय कोन?"

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात काका बांधावरच कोसळले. डॉक्टरांपर्यंत पोचलेच नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तू कंपूटरवर काय बी शोधतोस म्हनं. त्येंचं गाणं मिळंल का रं? आवाज इसरत चाललीय मी."

मी ऑफिसात बसून नाव टाकलं. पानंच्या पानं त्या दुसऱ्या गाण्याची. नातेवाइकांकडे फिरलो, कुणी घर बांधताना सगळं फेकलं होतं, कुणाकडे नुसतं कव्हर होतं. शेवटी जुन्या कॅसेटी विकणाऱ्या एकानं सीडीवर भरून दिलं. "तेच आहे, गावाकडचं," म्हणाला. मी न ऐकताच काकूंकडे नेलं.

पहिल्याच ठोक्याला मला कळलं. बंद करायला हात पुढे केला, तर काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." सबंध गाणं त्यांनी मांडीवर हात ठेवून ऐकलं.

"ह्यो त्येंचा आवाज न्हाई."

"नाही काकू."

"तू तर लई येळा ऐकलंयस. जरा म्हनून दाव."

मी डोळे मिटून आठवायला लागलो. काकांचा चेहरा आला, कव्हरवरचा चिखल आला. चाल मात्र त्या दुसऱ्याचीच ओठांवर येत होती. मी नकारार्थी मान हलवली.

काकूंना शब्द पाठ होते. त्यांनी ते मला एकेक ओळ करून सांगितले, बाजाराची यादी सांगावी तसे, चालीशिवाय. मी कागदावर लिहून घेतले. मग त्या उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या.