फाशी कायम करणारे दोन जज्ज

सेशन कोर्टानं माझ्या थोरल्या भावाला, दत्तूदादाला, शेजारच्या धोंडूच्या खुनाबद्दल फाशी सुनावली होती. हायकोर्टातली तारीख कळताच वहिनीनं तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या.

"भावोजी, मी पण येतंय."

आमच्या नाटे गावाहून मुसाकाजी बंदराला चालत गेलो आणि होडीनं आगबोट गाठली. कुणावर असा प्रवास करायची वेळ आली तर यंत्राजवळ बसू नका, तेलाच्या वासानं पोट ढवळतं. पाणी घरचंच न्या. पावसाळ्यात बोट बंद असते, हेही ध्यानात ठेवा. वाटेत रत्नागिरी बंदर लागलं तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. दादा तिथल्याच तुरुंगात होता.

मुंबईत लालबागला गाववाल्यांच्या खोलीत उतरलो. सकाळी ट्रामनं कोटात, म्हणजे फोर्टात, गेलो. हायकोर्टाची इमारत काळ्या दगडाची, मान दुखेपर्यंत उंच. आमचे वकील वयस्कर होते. पायऱ्या चढता चढता वहिनीला समजावत होते, "मुंबई शहराचे मोठे दावे थेट इथंच सुरू होतात. आपल्यासारखी जिल्ह्यातली कामं अपिलाच्या बाजूला येतात. खालच्या कोर्टानं फाशी दिली तरी इथले दोन जज्ज ती कायम करेपर्यंत अंमल होत नाही."

"मग मी सांगतंय त्यांना. हे त्या दिवशी घरीच होते."

"इथं साक्षी पुन्हा घेत नाहीत, बाई. खालचे कागद वाचतात."

वहिनीचा चेहरा उतरला. आत सगळं इंग्रजीत चाललेलं. एका जज्जानं नकाशा मागवला, खाडीवरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. सरकारी वकील अडखळले. खून खाडीकाठी झाला होता आणि एकमेव साक्षीदारानं दादाला पलीकडच्या तीरावरून ओळखलं म्हणे. एवढ्या अंतरावरून तोंड दिसेल कसं, हा प्रश्न होता.

दुपारनंतर निकाल झाला. वहिनीनं माझी बाही धरली. "काय झालां?"

"सुटला," वकील म्हणाले. ती तिथंच बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

हुकूम तुरुंगात पोचायला दिवस लागले. परतताना रत्नागिरीला उतरून दादाला घेऊनच घरी आलो. तो वाळला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी धोंडूच्या आईकडे गेली. मीही मागोमाग गेलो. म्हातारी म्हणाली, "तुझा आला, बरा झाला. पण माझ्या झिलाला मारलान कोणी?"

फाशी कायम करायची की नाही, एवढंच त्या दोघा जज्जांपुढे होतं. म्हातारीचा प्रश्न तिथवर गेलाच नव्हता. वहिनी कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलून विहिरीवर गेली. आजही म्हातारीचं पाणी तीच भरते.