वैलावरचं पातेलं

झुंबरबाई डुकराला डुक्कर म्हणत नाही. ‘ती जनावरं’ म्हणते, तेही तोंड दुसरीकडे करून.

केदारखेड्याच्या शिवारात त्यांचं घर आहे. घरामागे म्हशीचा गोठा आणि गोठ्यापलीकडे बांधाला लागून सुनेने, मीनाने, उभी केलेली शेड. शेडमध्ये बारा पांढरी डुकरं. ती आली त्या दिवसापासून झुंबरबाईने गोठ्यापुढे पाऊल टाकलेलं नाही. मीना शेडमधून आली की आधी न्हाणीत जायचं, साडी बदलायची, मगच स्वयंपाकघरात यायचं, असा तिचा नियम. मीनाने तो कधी मोडला नाही.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या रांगेत शेजारच्या साळूबाईने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “झुंबरबाई, तुमच्यात आता डुकरं वळून राह्यले म्हणं? बरंय, आम्ही आपले म्हशीच ठिवल्या.”

“ते पोरांचं हाय. मला इचारू नको,” झुंबरबाई म्हणाली आणि घरी येऊन पोराच्या मागे लागली, ती घालवा म्हणून.

मुलगा अंगद आधीच अर्ध्या मनाचा. आख्खा मका आणि सोयापेंड घालणं परवडेना, तेव्हा मीनाने जालन्याच्या डाळमिलमधून तुरीची चुणी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं, आणली, गिरणीतून गव्हाचा कोंडा आणला. जनावरांच्या डॉक्टर अरुंधती मॅडमनी सोबत एक पांढरी पावडर दिली. म्हणाल्या, डुकराच्या पोटाला कोंड्याचं साल फोडता येत नाही, या पावडरीतलं एन्झाइम ते फोडून देतं, नाहीतर अर्धा कोंडा शेणातूनच जातो. अंगदने ऐकून घेतलं आणि बायकोला सांगून टाकलं, “दसऱ्यापर्यंत बघू. अंगानं भरली न्हाईत तर सगळी देऊन टाकायची. मंग माझ्यापुढं रडायचं न्हाई.”

मीना रोज संध्याकाळी चुणी, कोंडा आणि पावडर गार पाण्यात कालवायची. पातेलं ठेवायची अंगणातल्या चुलीच्या वैलावर, म्हणजे चुलीशेजारच्या लहान तोंडावर. म्हशीच्या आंबोणाचं ते पातेलं चाळीस वर्षं तिथेच बसत आलंय. जड झाकण असल्यामुळे कुत्रं तोंड घालत नाही.

मीनाला माहीत नव्हतं ते पहाटेचं. झुंबरबाई सगळ्यांच्या आधी उठते. चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवते. श्रावणातल्या एका ओल्या सकाळी शेडमधून बारीक खोकल्याचा आवाज आला. तिने झाकण उचललं. कच्चा, गार कोंडा. चाळीस वर्षांत तिने कुठल्या जनावरापुढे असलं अन्न ठेवलं नव्हतं. व्यालेल्या म्हशीला, आजारी गाईला, अगदी बाजारात विकायला निघालेल्या बैलालासुद्धा ती शिजवलेलं आंबोण द्यायची. तिने वैलाखाली चार तुराट्या सरकवल्या आणि कोंड्याला चांगली उकळी आणली. मीना येईपर्यंत पातेलं कोमट झालेलं. त्या दिवसापासून रोज तेच. पातेल्याला हात लागला म्हणून ती आंघोळ मात्र नंतर करायची.

मीना शिवणकाम करते. दर रविवारी ती मापाची टेप घेऊन शेडमध्ये जायची आणि एकेकाची छाती मोजायची. टेप जागची हलेना. भाद्रपद अर्धा सरला, तेव्हा तिने अरुंधती मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडमनी पावडरचा डबा पाहिला, कोंडा हुंगून पाहिला. ओट्यावर चहा घेत विचारलं, “मीनाताई, हे तुम्ही शिजवत तर नाही ना?”

“न्हाई मॅडम. गार पाण्यात कालविते. वैलावर ऱ्हातं, म्हणून सकाळी जरा कोमट लागतं.”

“कोमट चालतं. उकळलं तर मात्र ही पावडर मरते. मग नुसताच कोंडा.”

झुंबरबाई दाराच्या आत तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला. पावडर ती काय, तिच्यात जीव असतो का मरायला?

मॅडम गेल्यावर अंगद म्हणाला, “झालं ना समाधान? मी उद्या डुकरांच्या व्यापाऱ्याला फोन करतो. दसऱ्याचीबी वाट कशाला?”

मीनाने टेप गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

झुंबरबाईला हवं होतं ते आपोआप होत होतं. तिने नुसतं तांदूळ निवडत बसायचं होतं. साळूबाईचं तोंड बंद झालं असतं, अंगण पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, आणि तिला कोणी एक शब्द विचारला नसता.

दिवेलागणीला मीनाने दूध तापवलं. लक्ष ठिकाणावर नव्हतं. उतू जाता जाता उतरवलं आणि तसंच विरजणाची वाटी हातात घेतली.

“थांब!” झुंबरबाई ओरडली. “बोट घालून बघ आधी. उकळत्या दुधात इरजण घालतं का कुणी? मरून जाईन ते.”

बोलून झालं आणि मॅडमचा तोच शब्द तिच्या ध्यानात आला.

“मीना, ती पूड मी मारली.”

“आत्याबाई?”

“रोज उकळत होते. गार खाऊन खोकतेत, म्हणून.”

मीनाला आधी समजलंच नाही. मग समजलं. “तुम्ही तर तिकडं बघत बी न्हाई! दीड महिना मी डोकं फोडून राह्यले, माझंच चुकतंय म्हणून... आन् मघाशी मॅडमसमोर का न्हाई बोलल्या?”

झुंबरबाईपाशी त्याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मीनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. सासूला तिने माफ केलं असंही नाही. दूध झाकलं आणि न जेवता निजली.

सकाळी अंगद फोन हातात घेऊन ओट्यावर बसला, तेव्हा झुंबरबाईने त्याच्यासमोर चुलीवरचं पाणी उतरवलं.

“फोन ठिव. चूक माझी हाय, तिची न्हाई. दिवाळीपतोर थांबायचं.”

“माय, तूच म्हणत होतीस ना, घालवा म्हणून?”

“म्हणत होते. आजबी म्हणते. पर माझ्या हातानं जनावर उपाशी ऱ्हायलं, हे मला चालणार न्हाई.”

पातेलं आता वैलावर नसतं, न्हाणीजवळच्या दगडावर असतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी टेप चार बोटं पुढे सरकली. मीनाने ते अंगदला सांगितलं, सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अंगदने पुन्हा फोनचं नाव काढलं नाही.

झुंबरबाई अजून शेडकडे जात नाही. मीनाचा साडी बदलायचा नियमही तसाच आहे. फक्त पहाटे आंघोळ करून आली की झुंबरबाई पातेल्याचं झाकण उचलते, आत बोट घालून बघते, गार आहे ना. आणि त्या एका बोटापायी जाऊन दुसऱ्यांदा आंघोळ करते.