शून्य भागिले शून्य

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

मी मुलुंडला अकरावीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आज फळ्यावर माझा नेहमीचा शॉर्टकट दिला: दोन व्हेक्टरच्या, म्हणजे दिशा असलेल्या राशींच्या, घटकांचं गुणोत्तर सारखं आलं, की ते समांतर.

प्राजक्ता उठली. "सर, (३, ०) आणि (६, ०) असेल तर? तीन भागिले सहा ठीक, पण शून्य भागिले शून्य किती घेऊ?"

"असलं पेपरात येत नाही गं, बस खाली." वर्ग हसला.

सुटताना तिची वही पाहिली. "दुसरा पहिल्याच्या दुप्पट, म्हणून समांतर," असं लिहून तिने खोडलं होतं. तेच बरोबर होतं यार! शॉर्टकटच्या नादात मीच ते कधी शिकवलं नाही.

उद्या टेस्ट आहे. माझं ऐकून आजवर किती पोरांनी बरोबर उत्तर खोडलं असेल?